अंतराळप्रवासातील नेत्ररक्षण

अंतराळप्रवासातील नेत्ररक्षण : पृथ्वीबाहेरील मुक्कामात दृष्टीस संभवणाऱ्या अपायांचा प्रतिबंध व उपचार. शिरस्त्राणाच्या दर्शनी पडद्यावर सोन्याचा अत्यंत पातळ मुलामा देऊन सूर्याच्या प्रखर तेजाचा बंदोबस्त पूर्वीच झालेला आहे. नेत्रवैद्यांना आज अधिक चिंता वाटते ती अंतराळवीराच्या स्वतःच्या देहातील द्रवांची. भारहीन अवस्थेत, एरवी पायांकडे ओढले जाणारे रक्तादी द्रव मस्तकाकडे सरकतात, आणि बहुधा त्यामुळेच, दीर्घ मुक्कामात दृक्‌तंत्रिकेच्या बिंबास सूज येते, नेत्रगोलाची मागील बाजू चपटी होते व जवळचे अक्षर अंधुक दिसू लागते. सहा महिने अंतराळात राहून परतलेल्या सात जणांच्या तपासणीचा जो वृत्तांत नेत्रतज्ज्ञ मेडर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केला, त्यात पाच जणांच्या बिंबास सूज आढळली होती.

यावर चष्म्यांची आगाऊ तजवीज, अंतराळ स्थानकावरच श्राव्यातीत ध्वनिलहरींनी नेत्रपरीक्षा, आणि कमरेखालील भागाभोवती हवेचा दाब घटवून द्रव खाली खेचणारा रशियन ‘चिबिस’ पोशाख असे उपाय योजले जातात. परंतु निर्विवाद गुणकारी ठरलेला उपाय अद्याप हाती नाही, हे स्पष्ट नमूद केले पाहिजे.

क्षुल्लक वाटणारी इजाही तेथे गंभीर होते. एप्रिल २००१ मध्ये यानाबाहेर काम करीत असता अंतराळवीर ख्रिस हॅडफील्ड यांच्या डोळ्यात शिरस्त्राणाच्या काचेवर धुके धरू नये म्हणून लावलेले द्रावण गेले. अश्रू आले, पण ते गालावरून ओघळण्याऐवजी डोळ्यावरच गोळा होऊन दुसऱ्या डोळ्यातही पसरले, आणि काही काळ त्यांना दोन्ही डोळ्यांनी दिसेनासे झाले. वैश्विक किरणांमुळे मोतीबिंदूचा संभव वाढतो, तो निराळाच.

भारतापुरते पाहता, अंतराळवीर राकेश शर्मा १९८४ साली आठ दिवसांच्या आतच परतले, शुभांशु शुक्ला २०२५ साली स्थानकावर सुमारे अठरा दिवस राहिले, आणि ‘गगनयान’ या भारताच्या समानव यानाची नियोजित सफर अवघ्या तीन दिवसांची आहे. परंतु २०३५ पर्यंत स्वतःचे स्थानक उभारण्याचा भारताचा संकल्प असल्याने, निवड होताच प्रत्येक उमेदवाराच्या नेत्रगोलाची लांबी व बिंबाची छायाचित्रे दप्तरी दाखल करण्याचा शिरस्ता आतापासूनच कसोशीने पाळला गेला पाहिजे.