कॅसेट ते सीडी : सोलापुरातील घरगुती चित्रपट-दर्शनाचा ऐतिहासिक अभ्यास (१९८२ ते २०१८)

प्रस्तावना :
सोलापूर हे कापडगिरण्यांचे, यंत्रमागांचे व विडी कामगारांचे शहर म्हणून सर्वपरिचित आहे. १९३० च्या मार्शल लॉमुळे स्वातंत्र्यलढ्याच्या इतिहासातही या शहराला मानाचे स्थान लाभले. २००१ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ८ लाख ७२ हजार होती. मराठी, तेलुगू, कन्नड व उर्दू भाषिक येथे पिढ्यान्‌पिढ्या एकत्र नांदत आले आहेत. येथील कामगारांचा इतिहास वेतन, संप आणि चळवळी यांच्या अंगाने लिहिला गेला; परंतु पाळी संपवून घरी आलेला कामगार काय पाहत होता, याकडे अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. व्हिडिओ कॅसेट, व्हीसीडी व डीव्हीडी या माध्यमांच्या स्पर्धेतून या प्रश्नाचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१) व्हिडिओ कॅसेटचा कालखंड :
जपानच्या सोनी कंपनीने १९७५ मध्ये बीटामॅक्स व जेव्हीसी कंपनीने १९७६ मध्ये व्हीएचएस हे तंत्र बाजारात आणले. चित्राच्या दर्जात बीटामॅक्स सरस मानले जाई. मात्र त्याच्या आरंभीच्या कॅसेटवर एकच तास ध्वनिचित्रमुद्रण होत असे, तर व्हीएचएसवर दोन तास. शिवाय जेव्हीसीने इतर उत्पादकांना आपले तंत्र मुक्तहस्ते वापरू दिले. परिणामी व्हीएचएस विजयी ठरले. तीन तासांच्या हिंदी चित्रपटाला तर लांब कॅसेटच सोयीची होती.

भारतात १९८२ च्या आशियाई क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने रंगीत दूरदर्शन आले आणि व्हिडिओचा प्रसार वाढला. व्हीसीआर विकत घेणे कामगार कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे होते. त्यामुळे संच भाड्याने आणून शेजाऱ्यापाजाऱ्यांसह रात्रभर चित्रपट पाहणे, अथवा व्हिडिओ केंद्रात तिकीट काढून बसणे, अशी सामूहिक पद्धत महाराष्ट्रातील शहरांत रूढ झाली. याच सुमारास अनधिकृत प्रतींचा प्रश्न उभा राहिला. १९८४ मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती होऊन किमान सहा महिने कारावास व ५० हजार रुपये दंड अशी तरतूद करण्यात आली.

२) व्हीसीडीचा स्वीकार :
व्हीसीडीचे प्रमाणीकरण १९९३ मध्ये झाले. एका सीडीवर ७४ मिनिटांचे चित्रण मावत असल्याने एका हिंदी चित्रपटासाठी दोन-तीन सीडी लागत. चित्राचा दर्जा साधारणतः व्हीएचएसइतकाच होता. युरोप-अमेरिकेत हे माध्यम रुजले नाही. आशियात मात्र घरोघरी पोहोचले. फितीप्रमाणे बुरशी लागणे, फीत गुंतणे, हेड साफ करावे लागणे या अडचणी येथे नव्हत्या. चिनी बनावटीचे प्लेअर स्वस्त होते. शिवाय सीडीवर प्रत-प्रतिबंध किंवा विभागीय संकेत नव्हता. त्यामुळे अधिकृत व अनधिकृत, दोन्ही व्यापार सुलभ झाले.

सोलापूरच्या बहुभाषिक रचनेमुळे या बदलाला वेगळे महत्त्व प्राप्त होते. चित्रपटगृहात खेळ लावण्यासाठी सभागृह भरेल इतका प्रेक्षक लागतो. सीडीला एक कुटुंब पुरते. शहराच्या पूर्व भागात तेलुगू भाषिक पद्मशाली विणकरांची मोठी वस्ती आहे आणि हैदराबाद अवघ्या सुमारे ३०० किलोमीटरवर आहे. अशा प्रेक्षकाला आपल्या भाषेतील चित्रपटासाठी चित्रपटगृहाच्या वेळापत्रकावर अवलंबून राहण्याचे कारण सीडीने उरू दिले नाही. यंत्रमागाच्या पाळीत काम करणाऱ्यास सवडीप्रमाणे चित्रपट पाहता येणे, हाही महत्त्वाचा लाभ होय.

३) डीव्हीडी आणि किमतीची स्पर्धा :
डीव्हीडी १९९६ मध्ये जपानमध्ये विक्रीस आली. ४.७ जीबी क्षमतेमुळे संपूर्ण चित्रपट एकाच तबकडीवर मावू लागला. भारताचा समावेश विभाग ५ मध्ये करण्यात आला. तथापि येथील स्पर्धा दर्जापेक्षा किमतीवर लढली गेली. कोऱ्या सीडींच्या उत्पादनात अग्रेसर असलेल्या मोझर बेअर या कंपनीने २००७ मध्ये व्हीसीडी २८ रुपयांस व डीव्हीडी ३४ रुपयांस विकण्यास प्रारंभ केला. अनधिकृत प्रतीच्या जवळपास किमतीत अस्सल प्रत देणे, हे त्यामागील सूत्र होते. त्याला उत्तर म्हणून पदपथावर एकाच डीव्हीडीत चार-पाच चित्रपट मिळू लागले.

राज्य शासनाने १९८१ च्या धोकादायक कृत्यांना आळा घालणाऱ्या कायद्यात २००९ मध्ये दुरुस्ती केली. झोपडपट्टीदादा व हातभट्टीवाले यांच्या पंक्तीत 'व्हिडिओ पायरेट' आला व त्यास बारा महिन्यांपर्यंत स्थानबद्ध करण्याची तरतूद झाली. मराठी निर्मात्याचे नुकसान खरे होते, तितकीच अल्प उत्पन्न गटातील प्रेक्षकाची मर्यादित क्रयशक्तीही खरी होती. कायद्याने पहिल्या बाजूची दखल घेतली. दुसऱ्या बाजूला उत्तर मिळाले ते केवळ स्वस्त सीडीच्या रूपाने.

४) तबकडीचा अस्त :
ब्लू-रे व एचडी डीव्हीडी यांच्यातील जागतिक संघर्ष २००६ मध्ये सुरू झाला आणि फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाच्या माघारीने संपला. सर्वसामान्य भारतीय ग्राहकाच्या दृष्टीने तो दूरचाच होता, कारण त्याने डीव्हीडीनंतर ब्लू-रेकडे न वळता मेमरी कार्ड व मोबाईल स्वीकारला. सोलापूर जिल्ह्यातील करमाळा परिसरात चित्रित झालेला 'सैराट' २०१६ मध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा त्याच्या अनधिकृत प्रती प्रामुख्याने आंतरजाल व मोबाईलद्वारेच पसरल्या. त्याच वर्षी जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआरचे उत्पादन थांबविले. २०१८ मध्ये मोझर बेअर कंपनीच्या अवसायनाचा आदेश झाला.

निष्कर्ष :
१. माध्यमाचे यश तांत्रिक श्रेष्ठतेपेक्षा किंमत, टिकाऊपणा व उपलब्धता यांवर अवलंबून राहिले.
२. सामूहिक दर्शनाकडून कौटुंबिक व पुढे वैयक्तिक दर्शनाकडे झालेला प्रवास माध्यमांच्या या क्रमातून स्पष्ट होतो.
३. सीडीमुळे भाषिक समूहांना चित्रपटगृहाबाहेर स्वतःची निवड करता आली.
४. केवळ दंडात्मक कायद्याने अनधिकृत व्यापार संपला नाही. माध्यम बदलताच त्याचे रूप बदलले.

सीडी हीदेखील इतिहासाचे साधन आहे. तिच्यावरील धातूचा थर कालांतराने खराब होतो आणि ती वाचणारे प्लेअरही दुर्मीळ होत चालले आहेत. १९६४ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने चित्रपट जतन केले. परंतु व्हिडिओ लायब्ररीच्या नोंदवह्या, भाड्याच्या पावत्या व सीडीची वेष्टने स्थानिक पातळीवरच जमवावी लागतील. महाविद्यालयीन ग्रंथालयांनी हे कार्य वेळीच हाती घेतले नाही, तर कामगाराच्या श्रमाचा इतिहास उरेल. त्याच्या विरंगुळ्याचा उरणार नाही.