वचन आणि परवाना

आपण ज्यास पेटंट म्हणतों त्याचें मूळ नांव 'उघडें पत्र' असें होतें. राजाची मोहोर पत्राखालीं लोंबत असे व मजकूर कोणासही वाचतां येई. पत्र उघडें, हक्क मात्र एकट्याचा! संगणकाच्या युगांत हाच पेंच पुनः कसा उद्भवला, तें आज सांगावयाचें आहे.

रिचर्ड स्टॉलमन या अमेरिकन गृहस्थांनीं १९८९ सालीं जीपीएल नांवाचा परवाना प्रसिद्ध केला. संगणकाची आज्ञावली ज्याच्या हातीं येईल त्यानें ती वापरावी, बदलावी, इतरांस द्यावी. मात्र घेणारासही तेंच स्वातंत्र्य द्यावें, हें त्याचें सार. १९९१ च्या दुसऱ्या आवृत्तींतील सातवें कलम मोठें करडें आहे. पेटंटामुळें हें स्वातंत्र्य पुढें देतां येत नसेल, तर आज्ञावली मुळींच वांटूं नये, असें तें सांगतें.

सप्टेंबर २००६ मध्यें मायक्रोसॉफ्ट कंपनीनें एक वचन जाहीर केलें. आमच्या अमुक तांत्रिक नियमावल्यांबरहुकूम जो आज्ञावली रचील, त्याच्यावर त्यासाठीं लागणाऱ्या पेटंटांच्या आधारें आम्ही दावा लावणार नाहीं, आणि हें वचन मागें घेणार नाहीं. शब्द उदार होते. परंतु नियमावलीस जेथपर्यंत धरून असेल तेथपर्यंतच अभय, अशी त्यांत मेख होती. शेजाऱ्यानें शेतांतून जाण्यास मुभा द्यावी, पण आंखलेल्या पायवाटेनेंच, तशांतला हा प्रकार. वाटसरूस एवढें पुरे. पण जीपीएलनें तर प्रत्येकास वाटेल तिकडे गाडी हांकण्याचा हक्क देऊं केलेला! आज्ञावलीचा एखादा तुकडा उचलून कोणी दुसऱ्याच कामीं लावला, कीं वचनाचें छत्र गेलें. वचनानें परवान्याचा भंग होतो असें नव्हे. परवाना जेथवर नेतो, तेथवर वचन सोबत येत नाहीं. जीपीएलशीं हें जुळतें काय, या प्रश्नावर कायदेशीर अभिप्राय देण्याचें कंपनीनें टाळलें. मार्च २००८ मध्यें न्यूयॉर्कच्या सॉफ्टवेअर फ्रीडम लॉ सेंटरनें मात्र स्पष्ट बजाविलें कीं, जीपीएलखालीं काम करणारांनीं त्यावर विसंबूं नये.

वेळही तशीच होती. ऑफिस ओपन एक्सएमएल ही दस्तऐवज सांठविण्याची पद्धति जागतिक प्रमाण व्हावी म्हणून मायक्रोसॉफ्टची खटपट चालू होती. भारतानें विरुद्ध मत दिलें; तरी एप्रिल २००८ मध्यें तिला मान्यता मिळाली.

दुसरें एक वचन याहून संकुचित होतें. २ नोव्हेंबर २००६ च्या करारानें मायक्रोसॉफ्टनें नॉव्हेल या एकाच कंपनीच्या गिऱ्हाइकांस अभय दिलें. इतरांनीं काय करावें? माझ्या मतें भेद पाडणारें अभय हें धमकीचेंच सौम्य रूप होय. २९ जून २००७ च्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीनें असल्या करारांस बंदी केली. पण २८ मार्च २००७ पूर्वींचे करार वगळले, म्हणजे मूळ करार सुटलाच.

ऑक्टोबर २०१८ मध्यें मायक्रोसॉफ्ट साठ हजार पेटंटांसह ओपन इन्व्हेन्शन नेटवर्कमध्यें सामील झाली. तेथील सभासद एकमेकांस लिनक्सपुरता पेटंट-परवाना देतात. आणि लिनक्समध्यें काय काय मोडतें, त्याची एक यादी तेथेंही आहे.