मुउमुउ : एका बिनकमरेच्या झग्याची कुळकथा

मुउमुउ हा हवाई बेटांवरचा बायकांचा उन्हाळी झगा. तो खांद्यांवर टेकतो आणि तिथून पोटरीपर्यंत किंवा घोट्यापर्यंत मोकळा सुटतो. त्याला कंबर नसते. इंग्रजी बोलणारे त्याला ‘मूमू’ म्हणतात, पण हवाईयन उच्चारात प्रत्येक ‘मु’नंतर घसा क्षणभर अडवून ‘उ’ वेगळा म्हणायचा असतो. शब्दाचा अर्थ ‘छाटलेला’, ‘आखूड केलेला’. थोटक्या माणसालाही हाच शब्द लावतात. कपड्याला असे नाव का पडले हे कळायला त्याच्या थोरल्या बहिणीची, होलोकूची, जन्मकथा आधी पाहावी लागते.

जुन्या काळी हवाईच्या स्त्रिया ‘कापा’ नेसत. वाउके या तुतीच्या कुळातल्या झाडाची आतली साल भिजवून, लाकडी थापीने कुटून तिचे कापड करीत आणि ते कमरेभोवती गुंडाळीत. मुंढा, बाही, गळा यांचा प्रश्नच नव्हता. कापा दिसायला देखणा, पण पाण्याला हळवा. सुती कापडासारखा तो धुता येत नसे. त्यामुळे चंदनाच्या लाकडाच्या बदल्यात व्यापारी जहाजांवरून येणाऱ्या ताग्यांची सरदार घराण्यांना मोठी ओढ होती. कापड बेटांवर असे मिशनऱ्यांच्या आधीच येऊन पोचले होते. झगा शिवण्याची कला तेवढी यायची होती.

ती आली त्या दिवसाची तारीख ठाऊक आहे, आणि असे भाग्य फार थोड्या कपड्यांना लाभते. ऑक्टोबर १८१९मध्ये बॉस्टनहून निघालेले ‘थॅडियस’ जहाज अमेरिकन मिशनऱ्यांना घेऊन हवाईच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा राजघराण्यातल्या काही स्त्रिया जहाजावर आल्या. त्यांत पहिल्या कामेहामेहा राजाची विधवा राणी कालाकुआ होती. तिने पांढऱ्या केंब्रिकचा तागा बरोबर आणला होता. गोऱ्या बायकांसारखा झगा तिला शिवून हवा होता, तोही जहाज राजाच्या मुक्कामी पोचायच्या आत. नेमका तो रविवार निघाला. आज सुई धरता येत नाही, उद्या शिवू, असे तिला सांगण्यात आले. सोमवारी, ३ एप्रिल १८२० रोजी, डेकवर चटया पसरून सातही मिशनरी बायका कामाला बसल्या. दोघींनी कात्री हाती घेतली. हवाईच्या चार कुलीन स्त्रियांना छापील कापडाचे तुकडे जोडायला दिले. हे काम त्यांच्या हातांना अगदी नवे होते. सातांपैकी एक असलेल्या लूसी थर्स्टन यांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे. झगा जोड्यांना टेकेल इतका लांब बेतला होता, पण राणीला जोडेच नव्हते, तेव्हा खालून तिची अनवाणी पावले ठळक दिसत होती, हेही त्यांनी टिपले आहे.

या झग्यातूनच पुढे होलोकू घडला. मिशनऱ्यांनी लादलेला पेहराव अशी त्याची ओळख सर्रास करून दिली जाते. ती अर्धीच खरी आहे. पुढे अंग झाकण्याचा आग्रह मिशनने धरला, यात शंका नाही. पण पहिला तागा राणीचा होता, हौस तिची होती आणि मुदतही तिनेच घातली होती.

त्या वर्षीच्या अमेरिकन फॅशनमध्ये कंबर छातीच्या लगेच खाली येई. हवाईच्या राजस्त्रियांचा बांधा धिप्पाड आणि तिथली हवा उष्ण. अशा अंगावर आणि अशा हवेत ती शिवण काचणारच. म्हणून ती वर सरकत छातीच्याही वर गेली आणि तिचे योक, म्हणजे खांद्यांवर बसणारा वेगळा कापलेला तुकडा, झाले. होलोकूचे सगळे रूप या एका बदलातून आले.

हा बेत शिवायला सोपा आहे. नेमके माप लागते ते खांद्याचे आणि मुंढ्याचे. योक दुहेरी कापतात. खालचा घेर म्हणजे कापडाचे सरळ पन्हे, एकमेकांना जोडलेले. घेराच्या वरच्या कडेला धावदोऱ्याच्या दोन ओळी लांब टाक्यांनी घालायच्या, दोरे ओढून चुण्या पाडायच्या आणि त्या बोटांनी सारख्या करत घेर योकच्या रुंदीइतका आणायचा. मग तो योकच्या दोन पदरांमध्ये धरून टीप मारली की कच्च्या कडा आत जातात. छातीला टिपा नाहीत, कमरेला पट्टा नाही. सरळ तुकड्यांमुळे घेराचे कापड वाया जात नाही, अंगाला चिकटत नाही आणि आतून वारा खेळतो.

होलोकूच्या आत घालायची सैल शमीज म्हणजे मुउमुउ. तिला योक नसे आणि बाह्याही कधीकधी आखूड असत; ‘छाटलेला’ हे नाव त्यावरून पडले. होलोकूला पुढे मागच्या बाजूने जमिनीवर लोळणारा घोळ आला आणि तो समारंभाचा पोशाख झाला. विसाव्या शतकात आतला मुउमुउ बाहेर आला. भडक फुलापानांच्या छापील कापडात तो दुकानांत दिसू लागला, पर्यटकांनी तो उचलला, आणि १९६६मध्ये ‘अलोहा फ्रायडे’ची प्रथा पडल्यावर शुक्रवारी कचेऱ्यांतही अलोहा शर्टांच्या जोडीला आला. आजच्या कित्येक मुउमुउंना योक असते. नावाने छाटलेला भाग कपड्याने परत घेतला आहे. दोन्ही नावे जोडून ‘होलोमू’ हा शब्दही घडला. तो झगा लांब, पण अंगासरशी बेतलेला असतो.

असे मिशनकाळातले सैल झगे पॅसिफिकमध्ये इतरत्रही रुजले. वानुआतूत ‘आयलंड ड्रेस’ आहे. न्यू कॅलेडोनियात त्याला ‘रोब मिशन’ म्हणतात, आणि तिथल्या कनाक बायका तो घालून क्रिकेटचे सामने खेळतात.