माळवद, शाकारणी आणि स्लॅब : कर्जत-खालापुरातील छपराचा इतिहास

कार्यालयीन इमारतींची ऊर्जाबचत साधण्यासाठी सुचविल्या जाणाऱ्या ‘हरित छता’चा देशी पूर्वज म्हणून देशावरील माळवदाचे नाव सहज पुढे येते. तुळया, त्यांवर किलच आणि वर चोपलेल्या मातीचा थर अशी माळवदाची घडण. पावसाळ्यात त्यावर गवतही उगवते. परंतु ही घडण घाटमाथ्यापलीकडील कमी पावसाची आहे. बोरघाटाच्या पायथ्याशी, कर्जत व खालापूर तालुक्यांत, वर्षाकाठी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतांशी चार महिन्यांतच. तेथे छपरावर माती ठेवणे कोणास परवडले नसते.

येथील ठाकूर व कातकरी वाड्यांतील घर कारवीच्या कुडाचे, उतरत्या पाख्यांचे, गवताने वा पेंढ्याने शाकारलेले. त्यावर हिरवळ असे ती वेलांची. दुधी, घोसाळे, काकडी यांचे मूळ परसातील जमिनीत आणि पसारा पाख्यावर. माती खाली व पाने वर, ही विभागणी मोठी शहाणपणाची. तथापि वेल पावसाळ्याचे. उन्हाळ्यातील उष्णता अडवी ती गवताच्या जाड थरानेच.

१८६५ मध्ये बासेल मिशनने मंगळूर येथे कौलांचा कारखाना काढला व पुढे मंगळुरी कौले कोकणभर पसरली. तरीही ‘शाकारणे’ हे क्रियापद टिकले. गवताचे घर शाकारीत, तसेच कौलारूही. मृगापूर्वी छपरावर चढावे लागे, हा व्यवहार त्या शब्दात साठविलेला आहे. स्लॅब मात्र ‘पडतो’, तोही एकदाच. दरवर्षीच्या देखभालीचा अर्थ या नव्या क्रियापदात उरलेला नाही, आणि हरित छताला तर निचऱ्याची तोंडे दरवर्षी पावसाआधी मोकळी करावीच लागतात.

ऊर्जेचा इतिहासही याच भूमीत आहे. लोणावळे परिसरातील तलावांचे पाणी घाटाखाली सोडून खोपोली येथे १९१५ पासून टाटांनी वीज निर्माण केली व ती मुंबईच्या गिरण्यांना पुरविली. आज तापलेल्या स्लॅबखालील वातानुकूलनास वीज लागते, म्हणून छत झाकण्याचा विचार युक्तच आहे. हैदराबाद येथील सोहराबजी गोदरेज केंद्राच्या इमारतीत (२००४) छतावरील बाग आहे. परंतु हैदराबादचा पाऊस कर्जतच्या पावसाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी.

भिजलेली साधी माती घनमीटरास सुमारे १,८०० किलो भरते. १५ सेंटिमीटरचा थर चौरस मीटरमागे २७० किलोंचा भार टाकतो. म्हणून हलके माध्यम, मुळे रोखणारा पडदा, जलरोधक थर आणि मोकळा निचरा यांची योजना आराखड्यातच हवी. जुन्या स्लॅबवर माती पसरणे हा उपाय नव्हे.

दुसरी अडचण उन्हाळ्याची. झाडांमुळे मिळणाऱ्या थंडाव्याचा बराचसा भाग बाष्पीभवनाचा. त्यास एप्रिल-मे महिन्यांत पाणी लागते. नेमक्या त्याच महिन्यांत कर्जतमधील डोंगरावरील वाड्यांतील स्त्रिया हंडाभर पाण्यासाठी डोंगर उतरतात. कार्यालयाच्या छतावर शिंपावयाचे पाणी हे त्या कार्यालयात एकदा वापरून शुद्ध केलेले असेल की वाडीच्या विहिरीतून उपसलेले, हे आराखडा करणाऱ्याने नकाशावरच दाखविले पाहिजे.