मेलेल्याचं माप घेऊ नये

गेल्या वीकांताला मी रबराचे चार तुकडे कापले. फक्त चार. त्यासाठी पूर्ण शनिवार गेला आणि बाबांना तीन फोन झाले. बायको म्हणाली, "एवढ्यात नवी सायकल आली असती." आली असती, खरंय. पण थोडा इतिहास सांगतो, मग ठरवा.

गेली तीन वर्षं मी कामानिमित्त कॅलिफोर्नियात आहे. इथे सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, पूल ओलांडला की मॅरिन काउंटी लागते. माउंटन बाइकचा जन्म मुख्यतः इथलाच. १९७० च्या दशकात इथली काही पोरं १९३० आणि ४० च्या दशकातल्या, भंगारात काढलेल्या जाड टायरच्या श्विन सायकली घेऊन डोंगर उतरायची. फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांनी पहिली शर्यत लावली. साधारण दोन मैलांत १३०० फूट उतार! मागच्या चाकाच्या हबमध्येच ब्रेक असायचा, तो इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा. खाली पोचलं की हब खोलून पुन्हा ग्रीस भरा, म्हणजे 'रीपॅक' करा. उताराचं नावच पडलं रीपॅक.

आता गंमत बघा. ही सायकल कुठल्याही कंपनीने 'लॉंच' केली नव्हती. फ्रेम एकीकडची, ब्रेकचे दांडे मोटारसायकलचे, गिअर आणखी कुठले. मिळेल ते जोडायचं, मिळालं नाही तर बनवायचं. जो ब्रीझने १९७७-७८ मध्ये खास या कामासाठी दहा सायकली बांधल्या. दहाच! त्यातली पहिली आज वॉशिंग्टनला स्मिथसोनियनच्या संग्रहालयात आहे. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिचीच्या फ्रेम घेऊन 'माउंटनबाइक्स' नावाचं दुकान थाटलं. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डची स्टंपजंपर आली, ती जपानमध्ये कारखान्यात बनायची. झालं, छंदाचा धंदा झाला.

आणि मोठा धंदा आला की 'व्हर्जन' येतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. शिमानोने १९८९ च्या सुमारास हायपरग्लाइड आणलं आणि मागच्या दातेरी चकत्या बसवायच्या खाचा बदलल्या. आधीच्या युनिग्लाइड हबवर नवी चकती सरळ बसेना, तिचा एक रुंद दात कानशीने घासावा लागतो. थोड्याच वर्षांत अंगठ्याने ढकलायचे साधे गिअरचे दांडेही मागे पडले. मग चिको गावातल्या पॉल कंपोनंट या छोट्या कारखान्याने एक क्लॅम्प काढला. रस्त्यावरच्या सायकलींच्या हँडलच्या टोकाला लावायचे दांडे त्यावर बसवा, की अंगठ्याचा गिअर परत हजर. आमच्या भाषेत 'अडॅप्टर' लिहिला म्हणा ना!

माझी सायकल १९९० च्या दशकातली आहे, जुन्या बाजारातून घेतलेली. तिच्या पुढच्या चिमट्यात स्प्रिंगऐवजी युरेथेनचे ठोकळे आहेत. त्या काळी बऱ्याच सस्पेन्शन चिमट्यांत असायचे. वजनाला हलके, बनवायला सोपे. पण यातली काही युरेथेन हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटत जातात. कपाटात जपून ठेवलेल्या बुटाचा सोल पावसाळ्यानंतर भुगा होऊन निघतो ना, अगदी तसंच. मी चिमटा उघडला तर आत काळा गूळ!

चारांपैकी एक ठोकळा जेमतेम शाबूत होता. मी व्हर्निअर लावून त्याची लांबी घेतली आणि मोठ्या ऐटीत बाबांना सांगितली. बाबा भोसरीत लेथ चालवायचे. ते म्हणाले, "अरे, मेलेल्याचं माप काय घेतोस? तो तीस वर्षं दबून बसलाय. तो ज्या घरात बसतो, त्या घराचं माप घे."

इंजिनिअरिंगची चार वर्षं एका वाक्यात गार! झिजलेल्या भागाची हुबेहूब नक्कल केली तर त्याची झीजही नक्कल होते. म्हणून आधी नळीचा आतला व्यास घ्यायचा, मग दांड्याची चाल, आणि उरलेली जागा मोजायची. ते जमलं. पण रबराची कडकी चुकली. पहिले चार तुकडे इतके कडक निघाले की चिमटा हलेचना. मऊ दांडा आणून पुन्हा कापले, तेव्हा कुठे जमलं.

तिसऱ्या फोनवर मी विचारलं, "बाबा, असे पन्नास सेट बनवून विकले तर?" ते हसले. म्हणाले, "एक पीस कर नाहीतर पन्नास, मशिनचं सेटिंग करायला वेळ तेवढाच जातो. एकाच्या बिलात ते बसत नाही, पन्नासात बसतं. पण पन्नास घेणारी माणसं आधी शोध." मग जरा थांबून म्हणाले, "आमच्याकडे शेवटी एक-दोन पीसवालेच यायचे. पिठाच्या गिरणीचा बुश, जुन्या पंपाचा शाफ्ट. नाही म्हणवायचं नाही."

त्यांचं शेड २००९ मध्ये बंद झालं, लेथ वजनावर गेला. मी तेव्हा शाळेत होतो. ते धंद्यात कच्चे आहेत असंच मला पुढे कितीतरी वर्षं वाटत होतं. दहा सायकली बांधणाऱ्याचं नाव संग्रहालयात लागलं. एका पीससाठी मशिन लावणाऱ्याची गिरणी चालू राहिली, इतकंच.

असो. रविवारी सकाळी फेअरफॅक्सला गेलो. चिमटा छान दबतो, परत वर येतो. बाबांना व्हिडिओ पाठवलाय. उत्तर आलं, "डावीकडचा आवाज ऐक. अर्धा मिलिमीटर कमी पडलाय."

पुढच्या शनिवारी बघतो.