रामपिथेकसचा जबडा
जीवशास्त्राच्या तासाला मी फळ्यावर माणसाची वंशावळ काढायचो, तेव्हा मुलांना शिवालिकच्या टेकड्यांत नेऊनच आणायचो. तिथे हरितल्यांगरजवळ १९३२ साली जी. एडवर्ड लुईस यांना वरच्या जबड्याचा तुकडा मिळाला. तुकडा केवढा, तर मुठीत मावेल! तेवढ्यावर रामपिथेकस नावाचा प्राचीन वानर उभा राहिला. पुढे एल्विन सायमन्स आणि डेव्हिड पिलबीम यांनी त्याला थेट माणसाच्या पूर्वजांत बसवले. म्हणजे आपली शाखा कोटभर वर्षांहून जुनी. १९६७ मध्ये बर्कलीच्या सॅरिच आणि विल्सन यांनी रक्तातल्या अल्ब्युमिन प्रथिनातला फरक मोजून सांगितले, माणूस आणि चिंपांझी वेगळे होऊन जेमतेम ५० लाख वर्षे झाली. जीवाश्मवाल्यांनी नाके मुरडली. मग पाकिस्तानातल्या पोटवार पठारावर रामपिथेकसशी मिळत्याजुळत्या शिवपिथेकस या वानराचा चेहराच सापडला, चक्क ओरांगउटानच्या वळणाचा. तो १९८२ मध्ये प्रसिद्ध केला खुद्द पिलबीम यांनी, आणि रामपिथेकस माणसाच्या पूर्वजांतून निघून शिवपिथेकसात जमा झाला.