मोगली : वैनगंगाकाठची कथा आणि तिचा ॲनिमे

रुडयार्ड किपलिंग (१८६५–१९३६) या इंग्रज लेखकाने लिहिलेल्या, लांडग्यांत वाढलेल्या मोगली नावाच्या मुलाच्या कथा आणि त्यांवरून जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन या संस्थेने काढलेली ‘जंगल बुक : शोनेन मोगली’ ही ५२ भागांची चित्रमालिका. दिग्दर्शक फुमिओ कुरोकावा. मालिका जपानमध्ये १९८९–९० या काळात टीव्ही टोकियोवर दाखवली गेली आणि १९९३ मध्ये हिंदी संवादांसह दूरदर्शनवर आली. कथांचा मुलूख सिवनीचे डोंगर आणि वैनगंगेचे खोरे हा आहे. सिवनी जिल्ह्यात उगम पावणारी ही नदी बालाघाटाला वळसा घालून महाराष्ट्रात उतरते आणि भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यातून पुढे पवनीकडे जाते. किपलिंगच्या काळात सिवनी आणि भंडारा हे दोन्ही जिल्हे एकाच मध्य प्रांतात होते. त्यामुळे ही जपानी मालिका मोहाडीच्या माणसाला परक्या मुलखाची वाटायचे खरे तर कारण नाही. तशी ती वाटते, आणि पुस्तक मात्र तितके वाटत नाही. या तुलनेतली लक्षात घेण्याजोगी गोष्ट हीच आहे.

जपानी ॲनिमेची तुलना सहसा त्याच्या मूळ मांगाशी होते. मांगा म्हणजे मुळात चित्रांतून सांगितलेली गोष्ट. पात्रांचे चेहरे, कपडे, प्रसंगाची चौकट हे सारे कागदावर ठरलेले असते, आणि वाचक पडद्यावर ते ताडून पाहतो. मोगलीच्या बाबतीत असा मांगा आधाराला नव्हता. मूळ गद्यकथा होत्या आणि त्यांत मोजकी चित्रे. त्यांतली काही लेखकाचे वडील जॉन लॉकवुड किपलिंग यांनी काढली होती. हे गृहस्थ १८६५ मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकवायला आले आणि त्याच वर्षअखेरीस रुडयार्डचा जन्म मुंबईत झाला. थोडक्यात, मालिकावाल्यांना रान आणि प्राण्यांचे चेहरे स्वतःच घडवावे लागले. ते घडवताना त्यांच्या हातून काय सुटले, ते वैनगंगेच्या काठावरून अधिक स्पष्ट दिसते.

मूळ कथा. ‘द जंगल बुक’ १८९४ मध्ये आणि ‘द सेकंड जंगल बुक’ १८९५ मध्ये प्रसिद्ध झाले. दोन्ही मिळून मोगलीच्या कथा आठच. बाकीच्या कथांत मुंगूस, सील, हत्ती असे दुसरे नायक आहेत. प्रौढ मोगली वनखात्याच्या नोकरीला लागतो ती कथा यांच्याही आधीची, १८९३ ची. किपलिंगने या कथा अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये, बर्फाच्या प्रदेशात बसून लिहिल्या. सिवनीच्या रानाची माहिती त्याने रॉबर्ट स्टर्नडेल या इंग्रज अधिकाऱ्याच्या सातपुड्यातील शिकारवर्णनातून घेतली, असे अभ्यासक मानतात. म्हणजे पुस्तकही दुरूनच लिहिलेले. तरीही ते ठिकाणाला धरून राहते. शेरखान हा वाघ वैनगंगेजवळ, वीस मैलांवर राहणारा. दुष्काळाच्या कथेत बल्लू अस्वलाला आवडणारा मोह त्या वसंतात फुललाच नाही, हे पहिले वाईट लक्षण. मग नदी आटते, मधला खडक उघडा पडतो आणि हत्ती पाणवठ्यावर शिकारबंदी पुकारतो. मोह फुलला की नाही यावरून वर्षाचा अंदाज बांधणारी माणसे झाडीपट्टीत आजही आहेत. त्यांना ही कथा समजावून सांगावी लागत नाही.

शेरखान मरतो तो प्रसंग तर जवळून वाचावा असा आहे. मोगली गावात राहायला आलेला असतो आणि त्याला गावची म्हशी-ढोरे राखायचे काम मिळते. तो रामा नावाच्या दांडग्या रेड्यावर बसून कळप हाकतो. लांडगाभावाशी त्याचा संकेत ठरतो : वाघ दूर असेल तोवर भावाने ठरलेल्या दगडावर दिसत राहायचे, वाघ परतला की माळाच्या मध्यावरच्या पळसापाशी, घळीत वाट पाहायची. एके दिवशी दगडावर कोणी दिसत नाही. पळस तेव्हा केशरी-तांबड्या फुलांनी भरलेला असतो. वाघ पोटभर खाऊन वैनगंगेच्या कोरड्या घळीत पडला आहे, हे कळताच मोगली आणि अकेला हा लांडगा कळपाचे दोन भाग करतात. गाई-वासरे एका तोंडाला, रेडे दुसऱ्या तोंडाला. आणि मग रेड्यांचा लोंढा वरून घळीत सोडतात. यात युद्धाचा थाट नाही. ढोरे कशी बुजतात, वासरे जवळ असली की गाई कशा हटून उभ्या राहतात, खाल्लेला वाघ चढ का चढू शकत नाही, या ढोरक्याच्या ज्ञानावर सगळा डाव उभा आहे. वाघाला मारणारे हत्यार म्हणजे गावची आखरावरून सुटलेली गुरे. विदर्भात वाढलेल्या वाचकाला हे पान पटते ते याच कारणाने.

ॲनिमेतले बदल. आठ कथांचे ५२ भाग करायचे म्हणजे भर घालणे आलेच. मूळ कथा कालक्रमाने नाहीत. मालिकेने त्या एका सरळ रेषेत मांडून मोगलीचे वाढणे हा मुख्य धागा केला. पुस्तकात शेरखान तिसऱ्याच कथेत संपतो. आठवड्याला एक भाग दाखवायचा तर खलनायक इतक्या लवकर गमावून चालत नाही, म्हणून मालिकेत त्याला पुष्कळ लांबवले आहे. पुस्तकात ‘रक्षा’ या नावाने येणारी लांडगी-आई इथे लूरी होते. काळा बिबट बगीरा मूळ कथांत नर आहे, मालिकेत मादी. मोगलीच्या हातात बूमरँग आले, आणि त्याच्याबरोबर किची हा तांबडा पांडा वावरू लागला. तांबडा पांडा हिमालयाच्या थंड रानातला. सातपुड्यात किंवा वैनगंगेच्या काठी तो असणे शक्य नाही. लहान मुलांना गोंडस सोबती हवा हे समजू शकते, पण त्यासाठी इथे खार होती, साळिंदर होते.

सर्वांत मोठा फरक गावाच्या चित्रणात आहे. पुस्तकातली मेसुआ ही वाघाने मूल नेलेली बाई आहे आणि मोगलीत ती आपला नाथू शोधते. पुढे गावकरी तिला आणि तिच्या नवऱ्याला चेटूक करणारे ठरवून जाळायला निघतात. मोगली हत्तींकरवी ते गावच उठवतो, आणि रान शेतांवरून चालून येते. कथा क्रूर आहे, आणि माणसांच्या गावाबद्दल लेखकाला फारशी माया नव्हती हेही तिच्यातून दिसते. मालिकेत मेसुआ मोगलीच्या बरोबरीची मुलगी झाली आणि गावाशी त्याचे नाते मैत्रीच्या वाटेने जाते. मुलांच्या मालिकेसाठी हा बदल योग्यच म्हणावा लागेल. पण गमावलेल्या मुलाची जागा अनोळखी पोराने घ्यावी, ही मूळ कथेतली सर्वांत खोल गोष्ट त्यात हरवली.

एका बाबतीत मात्र जपान्यांनी मूळ पुस्तक नीट वाचले होते. का हा अजगर किपलिंगकडे भीतिदायक असला तरी मोगलीचा मित्र आणि सल्लागार आहे. डिस्नेच्या १९६७ च्या चित्रपटाने त्याला लबाड खलनायक केले. ॲनिमेने त्याला पुन्हा मोगलीच्या बाजूला आणले. माकडांनी पळवलेल्या मोगलीला सोडवायला हा अजगरही जातो, आणि रानकुत्र्यांच्या स्वारीच्या वेळी डाव सुचवणाराही तोच. त्या स्वारीची कथा वैनगंगेच्या अरुंद, उंच काठांच्या भागात घडते. दोन्ही कड्यांना आग्या मोहोळे लटकलेली; मोगली रानकुत्र्यांना मागे लावून कड्यावरून नदीत उडी घेतो आणि माश्या कुत्र्यांवर तुटून पडतात. कथेत कुत्र्यांची संख्या दोनशेच्या वर सांगितली आहे. प्रत्यक्षात त्यांची टोळी साधारण दहा-बाराची असते, नवेगाव-नागझिऱ्यात ती अजूनही दिसते. आग्या मोहोळाबद्दलची धास्ती मात्र लेखकाने जराही वाढवून सांगितलेली नाही.

मोहाडीच्या अंगाने. मोहाडी हे भंडारा–तुमसर रस्त्यावरचे तालुक्याचे गाव, चौंडेश्वरी देवीच्या देवळासाठी ओळखले जाणारे. तालुक्याचा करडी भाग वैनगंगेपलीकडे आहे आणि नदीच्या त्याच अंगाला २०१३ मध्ये कोका अभयारण्य जाहीर झाले. मोगलीच्या रानातला वाघ, बिबट, अस्वल, रानकुत्रा हे सगळे या टापूत आहेत. लांडगा मात्र दाट जंगलापेक्षा माळाचा आणि गवताळ रानाचा प्राणी. भाताच्या बांध्या आणि साग-बांबूच्या रानांत त्याची वस्ती विरळ. किपलिंगची निवड याबाबतीत गैरसोयीची होती आणि जपान्यांनी ती तशीच उचलली. मध्य प्रदेशाने पेंचला मोगलीचे रान म्हणून मिरवले. नदीच्या खालच्या काठाने मोगलीवर कधी हक्क सांगितला नाही. नागझिऱ्यावर मराठीत व्यंकटेश माडगूळकरांचे पुस्तक आहे, आणि या रानाचे शब्दचित्र हवे असेल तर आधी ते वाचावे.

हिंदी रूप. भारतातल्या प्रेक्षकांनी मालिका ओळखली ती तिच्या हिंदी आवाजामुळे. शीर्षकगीत गुलजारांनी लिहिले, संगीत विशाल भारद्वाज यांचे. शेरखानाला आवाज दिला नाना पाटेकरांनी. त्यांच्या तुटक, खर्जातल्या बोलण्याने या वाघाला जपानी चित्रापेक्षा अधिक वजन आले, असे या नोंदीचे मत आहे. झाडीबोली आणि पोवारी बोलणाऱ्या भंडाऱ्यात हिंदी रोजच्या व्यवहारातली, त्यामुळे रविवारी सकाळी ही मालिका पाहताना मुलांना भाषेची अडचण आली नाही. २०१६ मध्ये डिस्नेने पुन्हा काढलेल्या चित्रपटाच्या हिंदी आवृत्तीत शेरखानासाठी पाटेकरांनाच बोलावले गेले. त्या चित्रपटात का मात्र परत शत्रुपक्षात गेला, आणि हिंदीत त्याला प्रियंका चोप्रांचा आवाज मिळाला.